‘मी’ गेल्यानंतरचे महर्षी

ज्ञान झालेल्या पुरुषाचे व्यक्तित्व उरते की विरून जाते, आणि विरत असेल तर त्याच्या हातून घडणाऱ्या कर्माचा धनी कोण, हा वेदान्तातला जुनाच वाद. रमण महर्षींच्या चरित्रात तो ग्रंथाबाहेर येऊन उभा राहतो.

१८७९ साली तमिळ मुलखातील तिरुचुळी येथे जन्मलेल्या वेंकटरामनला १८९६ च्या जुलैत, मदुराईस काकांच्या घरी, अकस्मात मरणभयाने घेरले. देह मरतो तेव्हा मरणारा कोण, याचा शोध त्याने तेथेच आडवे पडून घेतला. काही आठवड्यांतच त्याने घर सोडले. थोरल्या भावाच्या कॉलेजच्या फीसाठी मिळालेल्या पाच रुपयांपैकी तीन प्रवासाला घेतले, दोन चिठ्ठीबरोबर ठेवले आणि फी भरलेली नाही हेही कळवले. ती चिठ्ठी ‘मी’ने सुरू होते; पुढे लिहिणारा स्वतःला ‘हे’ म्हणू लागतो, आणि सहीच्या जागी नुसती रेघ आहे. ‘मी’ पुसला गेला, हिशेब मात्र चोख राहिला!

१ सप्टेंबर १८९६ रोजी तो तिरुवण्णामलैला पोहोचला, तो कायमचाच. १८९८ मध्ये आई परत न्यायला आली, तेव्हा मौनात असलेल्या मुलाने सारे प्रारब्धानुसार घडते असे कागदावर लिहून दिले. पुढे मात्र त्यांची भूमिका याहून कठोर झाली. शांकरमतानुसार ज्ञानाने संचित जळते, पण प्रारब्ध सुटलेल्या बाणासारखे देहपातापर्यंत चालते. महर्षींच्या मते हे बोलणे केवळ पाहणाऱ्यांसाठी आहे. पती निवर्तल्यावर त्याच्या तीन पत्नींपैकी एखादीच सधवा राहत नाही. तद्वत कर्ता गेल्यावर तिन्ही कर्मे जातात.

टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) ज्ञान्यालाही लोकसंग्रहार्थ कर्म चुकत नाही असे प्रतिपादिले. डोंगराच्या पायथ्याशी बसून राहिलेला पुरुष या कसोटीला उतरेल काय? वरवर पाहता नाही. परंतु हेच महर्षी पहाटेपूर्वी आश्रमाच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरीत बसत, अन्नाची नासाडी खपवून घेत नसत आणि पंक्तीत आपल्या पानावर काही अधिक वाढलेले त्यांना चालत नसे. पाच रुपयांचा हिशेब देणारा मुलगा येथे सहज ओळखू येतो. स्वभाव राहिला होता. गेली होती ती त्याची मालकी.

मालकी सोडणाऱ्याला न्यायालय मात्र सोडत नाही. १९३० नंतरच्या दशकात एका जुन्या शिष्याने आश्रमावर हक्क सांगितला, महर्षींची साक्ष झाली, आणि १९३८ मध्ये त्यांनी मृत्युपत्र करून आश्रमाची व्यवस्था धाकट्या भावाकडे सोपवली. सर्वसंगपरित्यागी माणसाचे मृत्युपत्र, ही विसंगती टीकाकारांना बोचली तर नवल नाही. पण व्यवस्था हवी होती ती आश्रमाला. त्या कागदाने स्वतः महर्षींच्या पदरात काहीच पडत नव्हते.

अखेरच्या काळात डाव्या हातावर दुर्धर गाठ आली. शस्त्रक्रिया होत राहिल्या, गाठ पुन्हा उद्भवत राहिली. भक्तांपैकी कित्येकांनी हे आपलेच कर्म त्यांनी अंगावर घेतले असे मानले. महर्षी वेदना नाकारीत नव्हते आणि दर्शन थांबवायलाही राजी नव्हते. १४ एप्रिल १९५० च्या संध्याकाळीसुद्धा लोक रांगेने समोरून जात होते. त्या रात्री नऊच्या सुमारास श्वास थांबला.