एडवर्ड अँगल
एडवर्ड हार्टली अँगल (१ जून १८५५ – ११ ऑगस्ट १९३०) हे अमेरिकन दंतवैद्य होते. वेडेवाकडे दात आणि जबड्यांची सदोष ठेवण सुधारणाऱ्या ऑर्थोडॉन्टिक्स या शाखेचे ते आधुनिक काळातील जनक मानले जातात.

जीवन
अँगल यांचा जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील हेरिक येथे झाला. १८७८ मध्ये त्यांनी दंतवैद्यकाची पदवी घेतली. पुढे मिनेसोटा विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. वैद्यकीय शिक्षणात या विषयाला दुय्यम स्थान असल्याचे पाहून त्यांनी १९०० मध्ये सेंट लुईस येथे केवळ या विषयाची स्वतंत्र शाळा काढली. अमेरिकेतील या तज्ज्ञांच्या संघटनेचे ते पहिले अध्यक्ष होते. कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका येथे त्यांचे निधन झाले.

कार्य
१८९९ मध्ये अँगल यांनी सदोष चाव्याचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. वरच्या पहिल्या कायम दाढेचा पुढील बाहेरचा उंचवटा खालच्या दाढेच्या खाचेत बसणे, ही त्यांची मूळ खूण होती. दाढांचा संबंध योग्य असून इतर दात वाकडे असल्यास पहिला वर्ग, खालची दाढ मागे असल्यास दुसरा आणि पुढे असल्यास तिसरा वर्ग होतो. किशोरवयीन मुलांच्या तपासणीत हे वर्गीकरण आजही वापरले जाते. त्यात जबड्यांची उंची किंवा चेहऱ्याचा सांगाडा विचारात घेतलेला नसल्याने आता त्याला अन्य तपासण्यांची जोड दिली जाते.

दातांना तारा बसवण्याची अनेक साधनेही त्यांनी घडवली. त्यांच्या एजवाइज पद्धतीत चौकोनी छेदाची तार दातावरील खाचेत अडकवली जाते. त्यामुळे दाताची हालचाल तिन्ही दिशांनी नियंत्रित करता येते. आजच्या अनेक उपकरणांचे मूळ या पद्धतीत आहे.

वाद
सर्व दात टिकवूनच चावा सुधारला पाहिजे, असा अँगल यांचा आग्रह होता. जबडा वाढवून जागा करता येईल, अशी त्यांची धारणा होती. कॅल्विन केस यांनी मात्र काही रुग्णांत दात काढणे आवश्यक असल्याचे प्रतिपादन केले व १९११ मध्ये हा वाद तीव्र झाला. अँगल यांच्या निधनानंतर त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांना आपण न काढता उपचार केलेल्या अनेक रुग्णांचे परिणाम टिकत नसल्याचे आढळले. त्यांनी योग्य रुग्णांत उपदाढा काढण्याची पद्धत स्वीकारली. त्यामुळे गुरूचे साधन टिकले, मात्र त्यांचा नियम शिथिल झाला. आज हा निर्णय प्रत्येक रुग्णाच्या तपासणीनंतर घेतला जातो.