जयप्रकाश नारायण : डायलिसिसवरची चार वर्षे

लोकनायक जयप्रकाश नारायण यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९०२ रोजी बिहारमधील सिताबदियारा गावी झाला. अमेरिकेत शिकून ते १९२९ मध्ये परतले. १९३२ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांची अच्युत पटवर्धन, मिनू मसानी यांच्याशी गाठ पडली आणि त्यातूनच पुढे काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. १९४२ मध्ये दिवाळीच्या रात्री हजारीबाग तुरुंगाची भिंत ओलांडून ते निसटले. १९७४ मध्ये, मधुमेह असतानाही, सत्तरी उलटलेल्या जेपींनी संपूर्ण क्रांतीची हाक दिली.

जून १९७५ मध्ये आणीबाणी लागताच त्यांना अटक झाली. चंदीगडला स्थानबद्ध असताना त्यांची प्रकृती ढासळत गेली आणि १२ नोव्हेंबरला त्यांची पॅरोलवर सुटका झाली. त्याच महिन्यात त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले, तेव्हा मूत्रपिंडे निकामी झाल्याचे स्पष्ट झाले. त्यानंतरचे आयुष्य डायलिसिसवरच गेले. यंत्रासाठी लोकांनी वर्गणी काढली. पंतप्रधान मदतनिधीतून आलेली रक्कम मात्र जेपींनी परत केली.

डायलिसिससाठी केवळ यंत्र पुरत नाही. मिनिटाला सुमारे ३०० मिलिलिटर रक्त शरीराबाहेर काढून परत सोडावे लागते, आणि हाताची साधी शीर तेवढा प्रवाह देऊ शकत नाही. १९६० मध्ये सिएटलच्या डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी धमनी आणि शीर यांना बाहेरून जोडणारी नळी, म्हणजे शंट, वापरात आणली. त्यामुळे पुन्हा पुन्हा डायलिसिस करणे शक्य झाले, पण नळीत गुठळ्या होत आणि जंतुसंसर्गही होई. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रेशिया आणि चिमिनो यांनी मनगटाजवळ धमनी आणि शीर त्वचेखालीच जोडण्याची पद्धत मांडली. हाच आजचा एव्ही फिस्टुला. म्हणजे जेपी आजारी पडले तेव्हा हे तंत्र जेमतेम नऊ वर्षांचे होते.

मधुमेही रुग्णात ही निवड अधिक अवघड असते. वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने मनगटाजवळच्या धमन्यांत कॅल्शियम साचते, त्या कडक व अरुंद होतात. तिथला फिस्टुला नीट न वाढण्याची शक्यता असते. म्हणून आधी डॉपलर सोनोग्राफीने दोन्ही हातांच्या रक्तवाहिन्या मोजतात. गरज असल्यास कोपराजवळ फिस्टुला करतात. तिथे प्रवाह चांगला मिळतो, पण हाताच्या पंजाला रक्त कमी पडून बोटे गार पडणे, दुखणे किंवा जखम होणे याचा धोका मधुमेहींत जास्त असतो. हृदय कमकुवत असेल तर मोठ्या प्रवाहाचा त्यावर ताणही येतो. शिरा फारच बारीक असतील तर कृत्रिम नळीचा ग्राफ्ट बसवतात. मानेतला कॅथेटर तातडीच्या वेळी लगेच वापरता येतो, पण त्यात जंतुसंसर्गाचा धोका सर्वाधिक असतो. तरीही वय झालेल्या, हृदयविकार असलेल्या काही रुग्णांसाठी तोच योग्य ठरतो. एकच पर्याय सर्वांना लागू पडत नाही.

जेपींनी या मर्यादांतच काम सुरू ठेवले. १९७७ च्या निवडणुकीतील त्यांचा प्रचार डायलिसिसच्या दिवसांभोवती आखावा लागे. मार्चमध्ये जनता पक्षाच्या खासदारांना त्यांनी राजघाटावर शपथ दिली. त्याच वर्षी उपचारांसाठी ते सिएटललाही जाऊन आले. मार्च १९७९ मध्ये ते जसलोकमध्ये असताना त्यांच्या निधनाची चुकीची बातमी थेट संसदेत जाहीर झाली. अखेर ८ ऑक्टोबर १९७९ रोजी, ७७ व्या वाढदिवसाच्या तीन दिवस आधी, पाटण्यात त्यांचे निधन झाले.

जेपींना तयारीला वेळ मिळाला नव्हता. आज क्रिॲटिनिन आणि लघवीतील प्रथिनांच्या तपासण्यांमुळे बहुतेक मधुमेहींना तो मिळू शकतो. फिस्टुला वापरण्याजोगा व्हायला साधारण दीड ते तीन महिने लागतात. त्यामुळे मूत्रपिंडतज्ज्ञांनी डायलिसिसचा विषय काढला की शस्त्रक्रिया पुढे ढकलू नका. ज्या हाताने आपण काम करत नाही, त्या हाताच्या शिरा राखून ठेवा. रक्त तपासायला किंवा सलाइन लावायला शक्यतो पंजाच्या मागची शीर द्या. फिस्टुला झाल्यावर त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नका, आणि रोज बोट ठेवून त्यातली थरथर जाणवते का ते पाहा. ती थांबली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.