राणीच्या पुतळ्यावरचं डांबर उतरवणारे बडोद्याचे प्राध्यापक गज्जर

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत ‘कलाभवन’ हे नाव आजही निघतं. ती संस्था उभी करणारे त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर मात्र आता फारसे कुणाला आठवत नाहीत. मुंबईच्या भायखळ्याला जिजामाता उद्यानात, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत गेलात, तर त्यांच्या हातच्या एका कामाची खूण आजही बघायला मिळते.

गज्जर यांचा जन्म 1863 सालचा, सुरतेचा. घराणं सुतारांचं, गुजरातीत गज्जर म्हणजेच सुतार. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकले आणि बडोदा कॉलेजात प्राध्यापक झाले. हातानं काम करणारा शिकलेला नाही आणि शिकलेल्याला हातानं काम येत नाही, ही दरी त्यांना खुपत होती. सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं 1890 मध्ये कलाभवन सुरू झालं ते यातूनच. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम, चित्रकला असे विषय तिथे होते, आणि शिकवणं मातृभाषेत व्हावं असा गज्जरांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी.

1896 मध्ये गज्जर मुंबईत विल्सन कॉलेजात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईत खळबळ उडाली. एस्प्लनेडवरच्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला रातोरात डांबर फासून गळ्यात जोड्यांची माळ घातली गेली होती. हे काम दामोदर चापेकरांचं, हे पुढे उघड झालं. योगायोग असा, की मॅथ्यू नोबल या शिल्पकारानं घडवलेला हा संगमरवरी पुतळा 1872 साली बसवला गेला, तेव्हा खर्चाचा मोठा वाटा बडोद्याच्याच खंडेराव महाराजांनी उचलला होता.

डांबर काही निघेना. यात खरी अडचण दगडाची होती. संगमरवर म्हणजे चुन्याचाच प्रकार; आम्ल लागलं की तो विरघळतो, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि मग धूळ जास्तच धरतो. खरवडावं, तर वस्त्राच्या चुण्या आणि चेहऱ्यावरचं बारीक काम जातं. नुसतं घासावं, तर पातळ झालेलं डांबर दगडाच्या छिद्रांत आणखी आत उतरतं. डाग जावा आणि दगड राहावा, असं रसायन हवं होतं. ते गज्जरांनी जमवलं आणि पुतळा पुन्हा पांढरा झाला. या कामानं त्यांचं नाव देशभर झालं.

चापेकरांचा राग परक्या सत्तेवर होता आणि दामोदरांनी 1898 मध्ये त्यासाठी फाशी पत्करली. गज्जरांनी साफ केला तो त्याच सत्तेचा पुतळा. पण इथला रसायनतज्ज्ञ हे करू शकतो, ही गोष्टही त्या काळात लहान नव्हती. त्याच वर्षांत प्लेग आला, तेव्हा गज्जर आयोडीनपासून केलेलं औषध घेऊन रोग्यांसाठी झटत होते. काळवंडलेले मोती उजळण्याची रीतही त्यांनी शोधली. मुंबईत स्वतःची प्रयोगशाळा काढून तरुण तयार केले. 1907 मध्ये कोटिभास्कर आणि अमीन यांच्यासोबत अलेंबिक कंपनीच्या उभारणीत त्यांचा हात होता. बडोद्याच्या औषध उद्योगाचं मूळ तिथं सापडतं. 1920 साली ते गेले.

राणीचा पुतळा स्वातंत्र्यानंतर रस्त्यावरून हलला, डोक्यावरच्या नक्षीदार छत्रीपासून तुटला आणि राणीच्या बागेतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आला. असे पुतळे कुणाला मान म्हणून ठेवायचे नसतात. कारागिरीचा आणि इतिहासाचा पुरावा म्हणून जपायचे असतात. गावोगावच्या बागांत आजही पुतळे धुवायला ॲसिड आणि तारेचा ब्रश काढला जातो, वर ऑइलपेंट मारला जातो. सव्वाशे वर्षांपूर्वी गज्जरांनी घालून दिलेला धडा साधा आहे: आधी दगड ओळखा, मग हात लावा. कलाभवनाचं पुढं महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रशाखेत रूपांतर झालं. तिथं शिकणाऱ्या आपल्या मुलांना हे नाव माहीत असायला हवं.