यशवंतराव होळकर (दुसरे)

महाराजाधिराज राजराजेश्वर सवाई यशवंतराव होळकर दुसरे (जन्म : इंदूर, ६ सप्टेंबर १९०८, मृत्यू : मुंबई, ५ डिसेंबर १९६१) हे इंदूर संस्थानाचे अखेरचे सत्ताधीश होते. माणिकबाग राजवाडा, आधुनिक युरोपीय कलेचा संग्रह, क्रिकेटला दिलेला आश्रय आणि शर्यतीच्या तंत्रावर बांधलेल्या वेगवान मोटारी यांसाठी ते ओळखले जातात. होळकर घराण्याच्या आद्य यशवंतरावांशी नामसाम्य असल्याने त्यांच्या नावापुढे दुसरे असा उल्लेख करण्याची प्रथा आहे.

पार्श्वभूमी आणि राज्यारोहण

यशवंतरावांना गादी मिळाली ती वडिलांच्या पदत्यागामुळे. जानेवारी १९२५ मध्ये मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. त्याच्यासोबत मोटारीत असलेली मुमताज बेगम ही पूर्वी इंदूर दरबारात होती, आणि हल्लेखोरांचा माग इंदूरपर्यंत पोहोचला. तुकोजीराव तिसरे यांच्यापुढे ब्रिटिश सरकारने चौकशी आयोग किंवा पदत्याग असे दोन पर्याय ठेवले. त्यांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये पदत्याग केला. त्या वेळी यशवंतराव अठरा वर्षांचेही नव्हते. राज्यकारभार काही वर्षे मंत्रिमंडळाच्या हाती राहिला आणि ९ मे १९३० रोजी यशवंतरावांना पूर्ण अधिकार मिळाले.

त्यांचे शिक्षण इंग्लंडमधील चीम व चार्टरहाउस या शाळांत आणि ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात झाले. १९२४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातील संयोगिताराजे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑक्सफर्डमधील वास्तव्यात त्यांचे शिक्षक मार्सेल हार्डी यांच्यामुळे युरोपातील नव्या कलेशी त्यांचा परिचय झाला. जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस यांच्याशी मैत्री जुळली तीही याच काळात.

माणिकबाग

अधिकार हाती येताच यशवंतरावांनी इंदूरच्या माणिकबाग राजवाड्याचे काम मुथेसियस यांच्याकडे सोपवले. १९३० ते १९३३ या काळात उभी राहिलेली ही वास्तू संस्थानी राजवाड्यांच्या रूढ कल्पनेपासून फार दूर होती. घुमट, कमानी आणि झुंबरे यांना फाटा देऊन सरळ रेषा, धातू, काच आणि कृत्रिम चामडे यांचा वापर करण्यात आला. भारतातील वातानुकूलनाची सोय असलेल्या पहिल्या निवासस्थानांमध्ये तिची गणना होते. आतील सामानात एमिल-जाक रुलमन, आयलीन ग्रे आणि ल कॉर्ब्युझिए यांच्या कृती होत्या. चित्रकार बर्नार बुते द मोंव्हेल यांनी महाराजांची दोन चित्रे रंगवली : एक पाश्चात्त्य सायंपोशाखातील, दुसरे मराठा दरबारी वेषातील. दोन्ही शेजारी ठेवून पाहिली तर हा राजा स्वतःकडे कसा पाहत होता, हे चरित्रग्रंथापेक्षा लवकर समजते.

मोटारी

संस्थानिकांच्या मोटारींविषयी बहुधा किंमत आणि सजावट यांचीच चर्चा होते. यशवंतरावांच्या संग्रहात यंत्रशास्त्राच्या दृष्टीने अधिक रस घेण्याजोगे काही होते. त्यांच्या ड्यूसेनबर्ग एसजे या अमेरिकी मोटारीला सुमारे ६.९ लिटरचे आठ सिलिंडरांचे सुपरचार्जर असलेले इंजिन होते आणि तिचा सांधा लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याने बांधला होता. त्याच कारखान्याने त्यांच्यासाठी बुगाटी टाइप ५७ एस या फ्रेंच मोटारीवर उघडा दोन आसनी सांधा चढवला. या प्रकारच्या जेमतेम चाळीस-बेचाळीस मोटारी तयार झाल्या.

५७ एस ही एटोर बुगाटी यांचे पुत्र जाँ बुगाटी यांच्या कल्पनेतून १९३६ मध्ये आली. मोटार जमिनीलगत बसावी म्हणून तिचा सांगाडा इतका खाली आणला होता की मागचा आस सांगाड्यातून आरपार न्यावा लागला. इंजिनही त्याच प्रमाणात खाली आले आणि त्यातून एक अडचण उभी राहिली. साध्या इंजिनाच्या तळाशी तेलाचे खोल भांडे असते. आपल्याकडे गॅरेजच्या बोलीत त्याला चेंबर म्हणतात. हे भांडे ठेवले असते तर ते रस्त्याला टेकले असते. म्हणून बुगाटींनी शर्यतीच्या मोटारींतील ड्राय संप, म्हणजे कोरड्या चेंबरची, योजना स्वीकारली.

या योजनेत तेल इंजिनाखाली साठत नाही. एक पंप वेगळ्या टाकीतून तेल घेऊन दाबाने क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांकडे पाठवतो. तेथून ओघळलेले तेल दुसरा पंप उथळ तळातून ओढून पुन्हा टाकीत टाकतो. या परतीच्या पंपाची क्षमता पहिल्यापेक्षा अधिक ठेवावी लागते, कारण तो तेलाबरोबर हवा आणि फेसही ओढत असतो. टाकीत तेल थोडे स्थिरावते, त्यातील हवा निघून जाते आणि ते थंड होण्यासही वाव मिळतो.

इंजिन खाली बसवता येणे हा लाभ झाला. शर्यतीत त्याहून मोठा लाभ वळणावर मिळतो. वेगाने वळण घेताना किंवा जोराचा ब्रेक लावताना साध्या चेंबरमधील तेल एका बाजूला चढते, पंपाचे तोंड उघडे पडते आणि बेअरिंगला तेलाऐवजी हवा मिळते. धातू आणि धातू यांच्यामधील तेलाचा पातळ थर क्षणभर जरी तुटला तरी बेअरिंग जळू शकते. क्रँकशाफ्ट तेलाच्या साठ्याजवळ फिरत असेल तर ते तेल घुसळण्यात शक्तीही वाया जाते. कोरड्या चेंबरमुळे दोन्ही टळते. त्याची किंमत म्हणजे जादा पंप, नळ्या आणि टाकी, अर्थात वजन आणि खर्च. म्हणूनच घरगुती मोटारींत ही योजना क्वचितच दिसते.

५७ एसच्या ३,२५७ घन सेंटिमीटर क्षमतेच्या इंजिनाची शक्ती सुमारे १७५ अश्वशक्ती होती. टाइप ५७ याच कुळातील ५७ जी मोटारीने १९३७ ची ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली. झाँ-पिएर व्हिमी आणि रोबेर बेन्वा हे तिचे चालक होते. महाराजांची मोटार अशा रीतीने केवळ शोभेची वस्तू नसून त्या काळच्या शर्यतीच्या तंत्राची जवळची नातलग होती.

अपुरे राहिलेले मंदिर

शिल्पकार कॉन्स्टंटिन ब्रांकुशी यांची अवकाशातील पक्षी या मालिकेतील तीन शिल्पे यशवंतरावांनी घेतली : एक पांढऱ्या संगमरवरातील, एक काळ्या संगमरवरातील आणि एक कांस्याचे. त्यांच्यासाठी इंदूरमध्ये खिडक्या नसलेले, जमिनीखालून प्रवेश असलेले आणि आत जलाशय असलेले ध्यानमंदिर बांधण्याची योजना ठरली. मात्र जुलै १९३७ मध्ये संयोगिताराजे यांचे स्वित्झर्लंडमध्ये निधन झाले. त्या पंचविशीच्याही आत होत्या. ब्रांकुशी पुढील हिवाळ्यात इंदूरला आले, पण काम सुरू झाले नाही आणि काही आठवड्यांनी ते परतले. नंतरच्या वर्षांत महाराजांचे बरेच वास्तव्य परदेशात, विशेषतः अमेरिकेत, राहिले. त्यांनी पुढे दोन अमेरिकी स्त्रियांशी विवाह केले.

क्रिकेट

होळकर संघाने १९४१-४२ ते १९५४-५५ या चौदा हंगामांत दहा वेळा रणजी करंडकाची अंतिम फेरी गाठली आणि १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ व १९५२-५३ असे चार वेळा विजेतेपद मिळवले. संघाचे कर्णधार कर्नल सी. के. नायडू हे मूळचे नागपूरचे. त्यांना तुकोजीरावांच्या काळातच इंदूरला आणण्यात आले होते. मुश्ताक अली, चंदू सरवटे आणि भाऊसाहेब निंबाळकर यांच्यासारख्या खेळाडूंना संस्थानाने आधार दिला. प्रजेच्या आठवणीत महाराजांचे नाव राहिले त्यात माणिकबागेपेक्षा या संघाचा वाटा मोठा असावा.

विलीनीकरण आणि अखेर

१९४२ मध्ये यशवंतरावांनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना अनावृत पत्र लिहून भारताच्या प्रश्नात मध्यस्थी करण्याचे आवाहन केले. ब्रिटिश सरकारला ते रुचले नाही. १९४७ मध्ये मात्र भारतात सामील होण्याबाबत त्यांनी बराच काळ चालढकल केली. भोपाळच्या नवाबांशी असलेल्या जवळिकीचा तो परिणाम मानला जातो. २८ मे १९४८ रोजी इंदूर संस्थान मध्य भारत राज्यात विलीन झाले. ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले आणि यशवंतरावांकडे उपराजप्रमुखपद आले. १९५६ मध्ये मध्य प्रदेश राज्याच्या निर्मितीनंतर ते पदही संपले.

५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. भारत सरकारने त्यांच्या वारस म्हणून संयोगिताराजे यांच्या कन्या उषाराजे यांना मान्यता दिली. इंदूरचे महाराजा यशवंतराव रुग्णालय त्यांच्याच नावाचे आहे. माणिकबागेतील सामानाचा १९८० मध्ये मोनाको येथे लिलाव झाला आणि वाड्यात केंद्रीय कर विभागाचे कार्यालय आले. ब्रांकुशींचे संगमरवरी पक्षी आता कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत. कांस्याचा पक्षी कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथे आहे.