पाचपैकी २८

डिसेंबर लागला की आपल्या सगळ्यांच्या स्टोरीज एकसारख्या दिसायला लागतात. वर्षभरात किती मिनिटं ऐकलं, कुठला आर्टिस्ट टॉपला, कुठली पाच गाणी सगळ्यात जास्त वाजली. आपला स्क्रीनशॉट टाकायचा आणि दुसऱ्याचा बघून नाक मुरडायचं. आमच्या ग्रुपमध्ये तर ‘वर्षातले बेस्ट इंडी अल्बम’ या विषयावर कॅन्टीनमधला चहा गार होईपर्यंत भांडणं होतात. यंदा मीही दहा अल्बमची यादी करायला बसले. नऊ झाले. आणि लक्षात आलं, की यातला एकही मी शोधलेला नाही. नऊच्या नऊ ॲपनं माझ्यापुढे आणून ठेवले होते. दहावा अल्बम आठवत बसले, तर सॅकच्या कप्प्यात एक कार्ड सापडलं. ऑगस्टमध्ये एका कॉलेज फेस्टला स्टेजवरून उतरलेल्या बँडच्या बेसिस्टनं ते हातात दिलं होतं. त्यावर क्यूआर कोड होता, ऐकून सांग म्हणाला होता. चार महिने झाले, मी ते स्कॅनसुद्धा केलेलं नव्हतं.

तेव्हा मला जॉन पील आठवला आणि जरा लाज वाटली. कारण दर वर्षाच्या शेवटी आवडत्या गाण्यांची यादी लावायचा मोठा उत्सव ज्यानं रेडिओवर केला, तो हा माणूस. आणि लोकांनी हातात दिलेली टेप ऐकणं हे त्यानं आयुष्यभर आपलं काम मानलं.

जॉन रॉबर्ट पार्कर रेव्हन्सक्रॉफ्ट हे त्याचं पाळण्यातलं नाव. जन्म ३० ऑगस्ट १९३९, इंग्लंडमधल्या लिव्हरपूलजवळच्या हेसवॉलचा. तो जेमतेम चार दिवसांचा असताना इंग्लंड दुसऱ्या महायुद्धात उतरलं. वडील लिव्हरपूलमधले कापसाचे व्यापारी. घरी पैसा होता, पण मुलाला शिकायला लांब बोर्डिंग स्कूलमध्ये पाठवलेलं. अभ्यासात त्यानं काही दिवे लावले नाहीत. त्याचं सगळं लक्ष रेडिओकडे. १९५६ मध्ये रेडिओवर एल्व्हिस प्रेस्लीचं ‘हार्टब्रेक हॉटेल’ त्याच्या कानावर पडलं आणि पोरगं कामातून गेलं.

सक्तीची लष्करी नोकरी झाली, गिरणीत थोडं काम झालं. १९६० मध्ये वडिलांनी त्याला कापसाचा धंदा शिकायला थेट अमेरिकेत, टेक्ससला पाठवलं. धंदा तो काही शिकला नाही. विमा कंपनीत नोकरी केली आणि जमेल तिथे रेडिओ स्टेशनच्या दारात घुटमळत राहिला. नोव्हेंबर १९६३ मध्ये डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींचा खून झाला, तेव्हा हा पठ्ठ्या लिव्हरपूलच्या पेपरचा बातमीदार आहे असं ठोकून देऊन पोलिसांच्या पत्रकार परिषदेत घुसला. त्या वेळच्या फिल्ममध्ये तो चक्क दिसतो!

पुढच्याच वर्षी अमेरिकेत बीटल्सचं वेड पसरलं. पीलची बीटल्सशी काडीची ओळख नव्हती. पण गाव लिव्हरपूलजवळचं आणि बोलणं इंग्लंडचं, एवढ्या भांडवलावर तो डॅलसच्या रेडिओवर बीटल्सचा जाणकार म्हणून झळकला. तिथून ओक्लाहोमा, मग कॅलिफोर्निया, अशा नोकऱ्या मिळत गेल्या.

याच काळातली एक गोष्ट त्याचे फॅन्स सहसा पटकन उरकून टाकतात. १९६५ मध्ये त्यानं टेक्ससमध्ये लग्न केलं तेव्हा मुलगी १५ वर्षांची होती. तिचं खरं वय आपल्याला माहीत नव्हतं, असं तो नंतर सांगत राहिला. ते लग्न टिकलं नाही. अमेरिकेतल्या त्या दिवसांतल्या त्याच्या वागण्यावर पुढे प्रश्न विचारले गेले आणि ते विचारायलाच हवेत. त्याच्या कामाचं कौतुक करताना हे पान फाडून टाकता येत नाही.

१९६७ च्या सुरुवातीला तो इंग्लंडला परतला. तेव्हा तिथे बीबीसीवर पॉप संगीत फार कमी लागायचं. ती भूक भागवायला समुद्रात जहाजं नांगरून त्यावरून विनापरवाना रेडिओ स्टेशनं चालवली जात. त्यातल्या ‘रेडिओ लंडन’वर त्याला काम मिळालं. रेव्हन्सक्रॉफ्ट हे नाव रेडिओला फार लांबलचक, म्हणून ऑफिसमधल्या एका सेक्रेटरीनं ‘पील’ सुचवलं. मध्यरात्री १२ ते २ ची वेळ. ऑफिसातलं कोणी त्या वेळी ऐकत नाही हे कळल्यावर त्यानं स्टेशनची ठरलेली गाणी बाजूला ठेवली आणि स्वतःला आवडलेलं वाजवायला लागला. ऑगस्टमध्ये कायद्यानं ही जहाजं बंद पाडली. ३० सप्टेंबरला बीबीसीचं नवं कोरं ‘रेडिओ १’ सुरू झालं आणि पील तिथे गेला. त्या पहिल्या फळीतल्या डीजेंपैकी सगळ्यात जास्त टिकला तो हाच. थोडीथोडकी नाही, ३७ वर्षं!

इथे एक गंमत समजून घ्यायला हवी. संगीतकारांच्या युनियनशी आणि रेकॉर्ड कंपन्यांशी झालेल्या करारामुळे बीबीसीला दिवसातून ठरावीक तासच रेकॉर्ड वाजवता यायच्या. उरलेला वेळ भरायला बँडना स्टुडिओत बोलवावं लागायचं. पीलनं या अडचणीचं सोनं केलं. ज्यांच्याकडे रेकॉर्ड काढायला पैसे नाहीत अशांना तो बोलवायचा. लंडनच्या मायदा व्हेल स्टुडिओत एका दिवसात साधारण चार गाणी रेकॉर्ड करायची, थोडं मानधन घ्यायचं आणि काही दिवसांनी रात्री देशभर ऐकू जायचं. ही ‘पील सेशन्स’. २००० हून जास्त कलाकार आणि ४००० हून जास्त सेशन्स. जॉय डिव्हिजन, द स्मिथ्स, पीजे हार्वे, सगळे या दारातून गेले. ‘द फॉल’ हा त्याचा लाडका बँड तर २४ वेळा आला.

आता वर्षाच्या यादीची गोष्ट. १९७६ च्या शेवटी त्यानं श्रोत्यांना आवडती गाणी पत्रानं कळवायला सांगितली आणि त्यातून ५० गाण्यांची यादी ख्रिसमसच्या सुमारास वाजवली. नाव ‘फेस्टिव्ह फिफ्टी’. पहिला नंबर लेड झेपलिनच्या ‘स्टेअरवे टू हेवन’चा. म्हणजे पाच वर्षं जुनं गाणं! खरं तर त्याच वर्षी पीलनं रमोन्स वाजवायला सुरुवात केली होती, पंक येऊन धडकलं होतं. जुने श्रोते रागानं पत्रं लिहीत होते आणि त्यांच्याहून खूप लहान पोरं नव्यानं रेडिओला कान लावत होती. श्रोत्यांच्या यादीत मात्र यातलं काहीच नव्हतं. १९७७ मध्ये त्यानं मतदान घेतलंच नाही. त्या वर्षातली आपल्याला आवडलेली गाणी स्वतःच निवडली. ५० वर थांबणं काही जमलं नाही, यादी ६१ वर गेली. दहाच्या यादीत अकरावा अल्बम घुसवायला बघणाऱ्या प्रत्येकाला हे कळेल.

१९७८ पासून पुन्हा मतदान. सेक्स पिस्टल्सचं ‘अनार्की इन द यूके’ पहिलं आलं. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच! जुनी पिढी झेपलिनला धरून बसली होती, तशी ही पिढी पंकला धरून बसली. मग १९८२ पासून नियम बदलला आणि त्या वर्षात आलेल्या गाण्यांनाच मत द्यायचं ठरलं. म्हणजे यादीत यायचं तर वर्षभर काहीतरी नवं ऐकणं भाग होतं. इंडी संगीत ऐकणाऱ्या इंग्लंडमधल्या पोरांसाठी ती डिसेंबरची परंपराच झाली. तरी पीलचं समाधान कधी झालं नाही. तो रेगे वाजवायचा, हिपहॉप वाजवायचा, झिम्बाब्वेचे भुंडू बॉइज वाजवायचा, नेपाम डेथचं जेमतेम दीड सेकंदाचं गाणंही वाजवायचा. आणि वर्षअखेरीस मतं पडायची ती बहुतेक गिटारवाल्या गोऱ्या मुलांच्या बँडना. १९९१ ला तर यादी बघून तो इतका नाराज झाला की ती वाजलीच नाही. निर्वाणाच्या ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’चा पहिला नंबर श्रोत्यांना १९९३ मध्ये कळला, तोही दर आठवड्याला एक गाणं अशा हप्त्यांनी.

पण त्याचं खरं काम उरलेल्या अकरा महिन्यांत चालायचं. इंडी हा शब्द आज आपण मूड सांगायला वापरतो. तेव्हा त्याचा अर्थ सरळ होता, मोठ्या कंपनीशिवाय काढलेली रेकॉर्ड. उत्तर आयर्लंडमधल्या डेरीच्या पाच पोरांचं उदाहरण घ्या. बँडचं नाव अंडरटोन्स. गावात सैन्य, बॉम्ब, तपासणी नाकी. बाहेरचे बँड तिथे फिरकायला तयार नसत. बेलफास्टमध्ये ‘गुड व्हायब्रेशन्स’ नावाचं रेकॉर्डचं दुकान आणि त्याच नावाचं छोटं लेबल चालवणाऱ्या टेरी हूली यानं १९७८ मध्ये त्यांची चार गाणी काढली. लंडनच्या कंपन्यांनी नकार दिला. रेकॉर्ड पीलकडे पोचली. सप्टेंबरमध्ये त्यानं त्यातलं ‘टीनेज किक्स’ लावलं, संपलं आणि लगेच पुन्हा लावलं. एकाच कार्यक्रमात, पाठोपाठ दोनदा. तेव्हा इंग्लंडमध्ये असलेल्या एका अमेरिकन लेबलच्या मालकानं ते गाडीत ऐकलं आणि काही दिवसांत त्या पोरांच्या हातात कॉन्ट्रॅक्ट होतं. पील रेकॉर्डना पाचपैकी स्टार द्यायचा. या गाण्याला त्यानं २८ दिले, असं सांगतात.

१९८१ मध्ये शेफिल्डच्या एका कॉलेजात तो रेकॉर्ड वाजवायला गेला, तेव्हा जार्व्हिस कॉकर नावाच्या मुलानं त्याच्या हातात टेप कोंबली. वय १८. पीलनं ती ऐकली आणि नोव्हेंबरमध्ये पल्प या बँडचं सेशन झालं. गंमत म्हणजे त्यानंतर पल्पचं फार काही झालं नाही. खरी प्रसिद्धी मिळाली १९९५ मध्ये, ‘कॉमन पीपल’ आल्यावर. म्हणजे पीलनं दाद दिली की रातोरात नशीब उघडायचं असं काही नव्हतं. पण ती १४ वर्षं तग धरताना आपलं कोणीतरी ऐकलंय एवढं तरी त्या मुलाच्या गाठीशी होतं.

आणि १९८३ चा बिली ब्रॅग. पील रेडिओवर बोलता बोलता भूक लागल्याचं, मश्रूम बिर्याणी मिळाली तर बहार होईल असं म्हणाला. ब्रॅगनं ते ऐकलं, बिर्याणी घेतली, सोबत आपली रेकॉर्ड घेतली आणि बीबीसी गाठलं. पीलनं गाणं लावलं, पण चुकीच्या स्पीडवर! हे त्याचं नेहमीचंच होतं. आपल्या चुका तो ऑन एअर हसत कबूल करायचा आणि ऐकणाऱ्यांना तो घरातला वाटायचा.

१९७४ मध्ये त्यानं शीलाशी लग्न केलं. सफकमधल्या ग्रेट फिनबरो गावी त्यांचं घर. चार मुलं झाली आणि त्यांच्या नावांत अ‍ॅनफिल्ड, शँकली, डॅल्ग्लिश असं लिव्हरपूल फुटबॉल क्लबचं सगळं दैवत घुसवलं. घरात रेकॉर्डच रेकॉर्ड: २६,००० एलपी आणि ४०,००० सिंगल्स. एलपींची कार्डं टाइप करून ठेवलेली. आठवड्याला टेपच्या पिशव्या यायच्या आणि लंडनला जाता-येता गाडीत तो त्या ऐकत राहायचा. सगळ्या ऐकून कधीच व्हायच्या नाहीत. याची रुखरुख त्याला होती.

२५ ऑक्टोबर २००४ ला पेरूमधल्या कुस्को शहरात, कामानिमित्त फिरायला गेलेला असताना, हार्ट अटॅकनं तो गेला. वय ६५. अंत्यसंस्काराला शेकडो लोक लोटले, त्यात त्यानं पहिल्यांदा वाजवलेले कितीतरी संगीतकार होते. ग्रेट फिनबरोच्या त्याच्या थडग्यावर ‘टीनेज किक्स’मधले शब्द कोरलेत. अर्धवट राहिलेलं आत्मचरित्र शीलानं पूर्ण केलं.

तेव्हा मी दोन-अडीच वर्षांची होते. आज तो असता तर आपल्या याद्यांना हसला नसता, त्यालाही याद्या आवडायच्याच. फक्त त्याची यादी आधी कोणी न ऐकलेल्या गोष्टी ऐकून व्हायची. ॲपला माझी आवड पक्की माहीत आहे आणि तीच अडचण आहे. मला आजवर जे आवडलं, त्याच्याच मावसभावंडांची ओळख ते करून देत राहतं.

हा लेख लिहायच्या आदल्या रात्री मी ते कार्ड स्कॅन केलं. चार गाणी होती. पहिलं बरं वाटलं. तिसऱ्यात ड्रम्स चुकलेत. चौथं अर्ध्यावर सोडलं. दुसरं मात्र संपल्यावर मी पुन्हा लावलं. मग चार महिने उशिरानं त्या बेसिस्टला मेसेज केला, दुसरं गाणं मस्त आहे म्हणून.

दोन मिनिटांत रिप्लाय आला. आत्तापर्यंत फक्त अकरा जणांनी ऐकलंय म्हणे.