रायपूर छावणीतील हनुमानसिंह : सतरा साथीदारांना फाशी, मुख्य आरोपी मात्र कधीच हाती लागला नाही

रायपूरच्या लष्करी छावणीत १८ जानेवारी १८५८ रोजी सायंकाळी सार्जंट मेजर सिडवेल या इंग्रज अधिकाऱ्याची त्याच्या खोलीत तलवारीने हत्या करण्यात आली. हल्ला करणारे हनुमानसिंह हे तिसऱ्या पलटणीत मॅगझीन लश्कर, म्हणजेच दारूगोळ्याच्या कोठारावरील सेवक होते. छत्तीसगडमध्ये ते या प्रदेशाचे मंगल पांडे म्हणून ओळखले जातात. मात्र मंगल पांडे यांना १८५७ मध्ये बराकपूर येथे हल्ल्यानंतर दहा दिवसांत फाशी देण्यात आली; हनुमानसिंह इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.

छत्तीसगड हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा भाग होता. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर तो कंपनी सरकारकडे गेला. १८५६ च्या दुष्काळात सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांनी एका व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार उघडून ते उपाशी प्रजेत वाटले. त्यांना अटक झाली, १८५७ मध्ये ते तुरुंगातून निसटले आणि पुन्हा पकडले गेले. १० डिसेंबर १८५७ रोजी रायपूर येथे त्यांना मृत्युदंड देण्यात आला. सिडवेल यांची हत्या त्यानंतर ३९ दिवसांनी झाली.

हत्येनंतर हनुमानसिंह आणि त्यांचे साथीदार छावणीत फिरून इतर शिपायांना उठावात सामील होण्याचे आवाहन करीत होते. पलटण उठली नाही. त्यांच्या बाजूने अवघे सतरा जण उभे राहिले. इंग्रज अधिकाऱ्यांनी उरलेल्या शिपायांच्या बळावर त्यांना वेढले, तरीही काही तास ते लढत राहिले. काडतुसे संपल्यावर सतरा जण पकडले गेले आणि हनुमानसिंह निसटले.

पुढील कारवाई विलक्षण वेगाने झाली. चौथ्याच दिवशी, २२ जानेवारीला, या सतरा जणांना पलटणीसमोर फाशी देण्यात आली. त्यांत हवालदार गाझी खान होते, तसेच शिवनारायण, मातादीन, अकबर हुसेन आणि जयगोविंद हेही होते. तलवार चालवणारा एक आणि फासावर चढलेले सतरा, असा हा हिशेब होता. अधिकाऱ्यावरील हल्ला हा व्यक्तीचा गुन्हा न मानता तो बंड मानला गेल्यामुळेच हे घडले. १८५७ च्या विशेष कायद्यांनी अशा प्रकरणांत झटपट सुनावणीची आणि अपिलाविना देहदंडाची मुभा दिलेली होती.

भारतीय दंड संहिता त्यानंतर १८६० मध्ये संमत झाली व १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. तिच्या कलम ३५३ ने कर्तव्य बजावणाऱ्या लोकसेवकावरील हल्ल्यासाठी कमाल दोन वर्षांचा कारावास ठरवला. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ मध्ये तीच मर्यादा कायम आहे. दुखापत झाल्यास कलम १२१ नुसार शिक्षा वाढते. सैनिकांसाठी १९५० च्या लष्कर कायद्यात वरिष्ठावर हात उगारणे आणि बंड करणे हे दोन स्वतंत्र गुन्हे आहेत. देहदंडाची तरतूद त्यांपैकी केवळ बंडासाठी आहे.

हनुमानसिंह यांना पकडून देणाऱ्यास पाचशे रुपयांचे बक्षीस जाहीर झाले होते. पलटणीतील साध्या शिपायाला तेव्हा महिन्याला सात रुपये मिळत. तरीही त्यांचा ठावठिकाणा कोणी सांगितला नाही.