उस्ताद अताउल्लाह रशीदी : 'बीजगणिता'चे फारसी अनुवादक

औरंगाबादचा बीबी का मकबरा आपल्यापैकी अनेक कुटुंबांनी पाहिला असेल. परंतु त्याच्या मुख्य दारावर कोरलेले वास्तुकाराचे नाव फार थोड्यांनी वाचले असेल. ते नाव अताउल्लाह. या बुजुर्गांनी इमारतीइतकीच मोलाची सेवा गणितातही केली.

ताजमहालाचे वास्तुकार म्हणून प्रसिद्ध असलेले उस्ताद अहमद लाहोरी यांचे ते पुत्र. त्यांचे बंधू लुत्फुल्लाह 'मुहंदिस', म्हणजे भूमितीचे जाणकार, या नावाने ओळखले जात. हिशेब आणि मापन हाच या घराण्याचा पेशा होता.

1634-35 मध्ये अताउल्लाह यांनी भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या संस्कृत ग्रंथाचा फारसी अनुवाद करून तो शाहजहान बादशाहांना अर्पण केला. भास्कराचार्य 12व्या शतकातले; त्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे.

मुस्लिम जगात बीजगणित नव्हते म्हणून हा अनुवाद झाला, असे मुळीच नाही. त्याच्या सुमारे 800 वर्षे आधी, खलिफा मामून यांच्या काळात, बगदादमध्ये अल-ख्वारिझमी यांनी 'अल-जब्र'चा ग्रंथ लिहिला होता. त्यातील मोठा भाग वसीयत आणि वारसाहक्काच्या हिशेबांना वाहिलेला आहे. वर्गसमीकरणाचे त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे : एखाद्या संख्येच्या वर्गात त्या संख्येची दहापट मिळविली तर 39 होतात. दहाचे निम्मे 5, त्याचा वर्ग 25. तो 39 मध्ये मिळविल्यास 64. त्याचे मूळ 8, त्यातून 5 वजा केले की उत्तर 3.

ख्वारिझमींनी केवळ धन उत्तर घेतले. भास्कराचार्यांनी मात्र वर्गमूळ धन तसे ऋणही असते, असे स्पष्ट मांडले. त्या दृष्टीने याच उदाहरणाचे दुसरे उत्तर उणे 13 येते. हा विचार अताउल्लाह यांनी फारसी वाचकांसमोर ठेवला. ग्रंथकर्ता कोणत्या धर्माचा, हा प्रश्न त्यांच्या आड आला नाही. ख्वारिझमींनीही भारतीय अंकपद्धतीवर ग्रंथ लिहिला होताच.

1657 मध्ये औरंगजेब यांच्या पत्नी दिलरस बानू बेगम यांचे निधन झाले. त्यांच्या मकबऱ्याच्या लेखात अताउल्लाह यांच्यासोबत हंसपत राय यांचेही नाव आहे. ग्रंथ असो वा इमारत, अताउल्लाह यांचे काम असे इतरांच्या सोबतीने उभे राहिले.

आज कोंढ्यातील असो वा औरंगाबादेतील, दहावीचा विद्यार्थी वर्गसमीकरण सोडवितो, तेव्हा तो परक्याची विद्या शिकत नसतो. मकतबचे शिक्षण दीनचे आणि गणित केवळ दुनियेचे, अशी विभागणी करणाऱ्या पालकांनी ध्यानी घ्यावे, की वारसांचा न्याय्य हिस्सा काढायला हिशेब लागतोच. आणि तो जिथे मिळेल तिथून शिकण्यात आपल्या बुजुर्गांना कमीपणा वाटला नाही. अल्लाह आपल्या मुलामुलींना उपयुक्त ज्ञान देवो. आमीन.